भूमीतील शत्रू आणि भूमीतील मित्र

पिकावरील कीड म्हटली, की पाने कुरतडणारी अळी किंवा कोवळ्या शेंड्यावर बसलेला मावा डोळ्यांसमोर येतो. ही कीड दिसते, म्हणून तिच्यावर उपायही सुचतो. परंतु जी कीड जमिनीखाली राहून मुळे खाते, तिची वार्ता शेतकऱ्यास पीक पिवळे पडल्यावर मिळते. उसाचे वाळलेले बेट ओढावे, तो ते अलगद हातात येते आणि खालच्या मातीत पांढरी, अर्धवर्तुळाकार वळलेली हुमणी सापडते. महाराष्ट्रातील ऊस व भुईमूग पिकविणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. वरून ओतलेले विष तिच्यापर्यंत पुरते पोचत नाही, आणि जे मुरते ते मातीतील उपकारक जीवांनाही मारते. मग या शत्रूचा शत्रू मातीतच शोधता येणार नाही काय?

हा शोध नेटाने घेणारांत रुडॉल्फ ग्लेझर या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. 1916 साली न्यू जर्सी राज्यात रिव्हरटन गावाजवळ एक परका भुंगा आढळला. तो जपानातून आलेला होता. मायदेशी त्याचा फारसा उपद्रव नव्हता. परंतु नव्या भूमीत तो झपाट्याने पसरला. त्याच्या अळ्या हुमणीप्रमाणेच जमिनीत राहून मुळे खात. ग्लेझर त्या वेळी प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेत कीटकांच्या रोगांचा अभ्यास करीत होते. 1929 साली हॅडनफील्डजवळच्या एका गोल्फ मैदानातील मेलेल्या अळ्या त्यांनी तपासल्या, तेव्हा आत बारीक सूत्रकृमी वळवळत असलेले दिसले. पुढे या जातीला ग्लेझर यांचेच नाव मिळाले.

शोध लागला, पण तेवढ्याने शेताचे रक्षण होत नाही. शेतात सोडावयाचे तर असे कृमी अगणित हवेत. ग्लेझर यांनी ते प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर वाढवून दाखविले आणि 1930 नंतरच्या दशकात न्यू जर्सीच्या जमिनीत सोडले. कीटकांवर जगणारा कृमी कीटकावाचून वाढविणे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. तथापि एक विघ्न वारंवार आड येई. काही पिढ्यांनंतर हे पोसलेले कृमी क्षीण होत आणि त्यांची प्रजा खुंटे.

याचे मर्म पुढे उलगडले. हा कृमी एकटा नसतो. त्याच्या आतड्यात विशिष्ट जिवाणू वस्तीला असतात. कृमी अळीच्या मुखावाटे वा श्वासरंध्रांवाटे आत शिरतो आणि हे जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. साधारणतः एकदोन दिवसांत अळी मरते. जिवाणू तिच्या देहाचे अन्न शिजवून ठेवतात, इतर सूक्ष्मजीवांना तेथे फिरकू देत नाहीत, आणि त्या अन्नावर कृमीच्या पिढ्या वाढतात. अन्न संपले, की नवे कृमी आपापले जिवाणू घेऊन मातीत बाहेर पडतात. ग्लेझर यांना या भागीदारीची कल्पना नव्हती. आपले कृमी निर्मळ राहावेत म्हणून त्यांनी सर्व जंतू कटाक्षाने दूर ठेवले, आणि त्यांबरोबर कृमीचा आचारीच घालविला! 1955 साली डटकी व हफ यांनी अशाच दुसऱ्या एका कृमीबरोबर जिवाणू असल्याचे दाखविले. पुढील दशकात पोयनार व थॉमस यांनी त्यांच्या संबंधाचे स्वरूप स्पष्ट केले. ग्लेझर मात्र 1947 सालीच निवर्तले होते.

दरम्यान दुसरे महायुद्ध संपले आणि डीडीटीचा काळ सुरू झाला. स्वस्त व जलद विष हाती असता नाजूक कृमी कोण जोपासणार? ते संशोधन मागे पडले. परंतु कीटक विषाला सरावू लागले, विषाचे अंश पाणी व अन्न यांत उतरू लागले, तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा त्या जुन्या वाटेकडे वळले. 1992 साली कोइमतूर येथे सापडलेल्या अशा एका सूत्रकृमीला भारताच्या नावावरून नाव देण्यात आले. उष्णता सोसणारी ही जात आपल्या हवामानास अनुकूल आहे.

याहून नवलाची गोष्ट 2005 साली प्रसिद्ध झाली. अळीने मूळ कुरतडले, की मक्याचे रोप मातीत एक विशिष्ट गंधद्रव्य सोडते आणि त्याच्या मागावर सूत्रकृमी अळीपर्यंत येतात, असे स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या टर्लिंग्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अमेरिकेतील बहुतेक मकावाणांत मात्र ही शक्ती उरलेली नव्हती. वाण सुधारताना दाणा पाहिला गेला. मुळाची हाक कोणी ऐकली नाही.

या उपायाला मर्यादा आहेत. ऊन व कोरडेपणा कृमीला सोसत नाही; म्हणून तो ओल्या जमिनीत, सायंकाळी सोडावा लागतो. शिवाय पहिल्या वळिवानंतर बाभळी-कडुलिंबावर जमणारे हुमणीचे भुंगेरे गोळा करून नष्ट करणे, हा सामुदायिक उपाय त्याने अनावश्यक ठरत नाही. एकट्याच्या शेतात भुंगेरे वेचून भागत नाही, कारण शेजारचे भुंगेरे बांध ओलांडून येतात. गावाने मिळून करावयाचे काम गावानेच केले पाहिजे. विष तात्काळ गुण दाखविते आणि दरवर्षी पुन्हा विकत घ्यावे लागते. मातीतील मित्र सावकाश कामाला लागतो. परंतु ओल टिकली आणि भक्ष्य मिळत राहिले, तर तो आपली प्रजा आपणच वाढवितो.