चिनी भाषा : वर्गात मुली, पेठेत मुले
हा तोल कोण ठरवतो आणि आपल्या घरांनी त्यातून काय शिकावे?

भारताने 2024-25 या आर्थिक वर्षात चीनकडून सुमारे 113 अब्ज डॉलर किमतीचा माल घेतला. भिवंडी-मालेगावच्या कारखान्यातील यंत्रापासून क्रॉफर्ड मार्केटमधील खेळण्यापर्यंत या मालाशी आपल्या व्यापारी बांधवांचा रोजचा संबंध येतो. पण ज्या भाषेत या मालाचा भाव ठरतो, पुष्कळदा ज्या भाषेत करार लिहिला जातो आणि तंटा झालाच तर ज्या भाषेत चिनी न्यायालय चालते, ती भाषा आपल्या दुकानात कोणाला येते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल – कोणालाच नाही. सारा व्यवहार दुभाष्याच्या तोंडाने आणि कॅल्क्युलेटरवरच्या आकड्यांनी चालतो.

यातून दुसरा प्रश्न निघतो. भाषा शिकणारे लोक आहेत तरी कोण? जगभरातील विद्यापीठांच्या भाषा शाखांत डोकावले तर मुलींची संख्या अधिक दिसते. माल घ्यायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या रांगेत मात्र बहुधा पुरुषच असतात. म्हणजे ज्याच्या हाती पैसा, त्याला भाषा नाही, आणि जिला भाषा, तिच्या हाती पैसा नाही. यावर "बायकांना भाषा उपजतच येते" असे सोपे उत्तर दिले जाते. प्रस्तुत लेखात हे उत्तर कितपत टिकते ते पाहू.

कँटनमधील दोन बंद्या

1757 पासून 1842 पर्यंत पश्चिमेच्या व्यापाऱ्यांना चीनमध्ये समुद्रमार्गे येण्यास कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, हे एकच बंदर मोकळे होते. तेथे परदेशी वखारींवर दोन बंद्या होत्या. परदेशी स्त्रीने वखारीत राहायचे नाही, ही पहिली. व्यापाऱ्यांच्या बायकामुली मकावला थांबत. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवायची नाही, ही दुसरी. 1759 साली जेम्स फ्लिंट नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने सम्राटाकडे चिनी भाषेत अर्ज केला. त्याला तो अर्ज लिहिण्यास मदत करणाऱ्या चिनी माणसाचा शिरच्छेद झाला.

अशा काळात चिनी शिकणारे जे मोजके परदेशी होते ते बहुतेक पुरुष – मिशनरी, कंपनीचे नोकर आणि पुढे वकिलातीतले अधिकारी. रॉबर्ट मॉरिसन 1807 मध्ये कँटनला आला. टॉमस वेडचे गाजलेले चिनी पाठ्यपुस्तक 1867 चे. त्या वेळी कोणी मोजणी केली असती, तर "चिनी ही पुरुषांनाच जमणारी भाषा आहे" असा निष्कर्ष निघाला असता!

आपल्या मुंबईचाही या इतिहासाशी संबंध आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे पारशी व्यापारी याच कँटनला कापूस आणि अफू घेऊन जात. तेथील बोलणी तोडक्यामोडक्या बाजारी इंग्रजीत आणि चिनी दलालामार्फत होत. म्हणजे चिनी न शिकता चीनशी व्यापार करण्याची आपली सवय दोनशे वर्षांची आहे.

दुभाषी स्त्रिया

विसाव्या शतकात चित्र पालटले. फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन माओंना भेटले. त्या भेटीत दोघांमधील प्रत्येक शब्द तांग वन्शंग या तरुण स्त्रीच्या तोंडून गेला. परदेशात त्या नॅन्सी तांग म्हणून ओळखल्या जात. मार्च 2021 मध्ये अलास्कातील अमेरिका-चीन बोलण्यांत चीनच्या बाजूची दुभाषी चांग चिंग हीही स्त्रीच होती. चीनच्या सरकारी यंत्रणेने मुलींना परदेशी भाषांचे शिक्षण खुले केले आणि त्यापुढे पक्की नोकरी ठेवली. दार उघडले तशी रांग लागली.

आपल्याकडे मात्र सुरुवातीची नावे पुरुषांची आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि तेथे रुग्णांशी चिनीतून बोलण्याइतकी भाषा त्यांनी शिकून घेतली. वसंत परांजपे 1947 मध्ये पेकिंगला शिकायला गेले. 1954 मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाष्याचे काम या मराठी माणसाने केले. त्या काळी आपल्या समाजात मुलीला एकटीने परदेशी धाडणारी घरे किती होती, याचा विचार केला की पहिली नावे पुरुषांची का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांसाठी खालची पायरी

चीनच्या भाषा विद्यापीठांत मुलींची संख्या इतकी वाढली की काही संस्थांनी उलटी वाट धरली. प्रवेशासाठी मुलांना कमी गुण आणि मुलींना जास्त गुण, असा नियम अरबीसारख्या कमी शिकल्या जाणाऱ्या भाषांच्या काही वर्गांना लावण्यात आला. पश्चिम आशियात आणि आफ्रिकेत पाठवायला मालकांना पुरुष हवे असतात, असे समर्थन दिले गेले. 2012 च्या उन्हाळ्यात ग्वांगझूमध्ये काही तरुणींनी स्वतःचे मुंडण करून या नियमाचा निषेध केला. त्यानंतर शिक्षण मंत्रालयाने अशा भेदावर मर्यादा आणल्या.

या घटनेत व्यापाराचा धडा आहे. वर्गात मुली अधिक, पण परदेशी नेमणुकीसाठी मागणी पुरुषांना. भाषेचे ज्ञान आणि भाषेवर मिळणारी कमाई यांच्यामध्ये जे दार आहे, त्यावर पहारेकरी बसलेला आहे. तो तोल तेथे ठरतो.

यीवूची पेठ

झेजियांग प्रांतातील यीवू हे शहर आपल्या किरकोळ मालाच्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तेथील बाजारसंकुलात सुमारे 75 हजार गाळे आहेत. या भागातले गरीब शेतकरी पूर्वी खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडत, गुळासारखी साखरेची वडी देत आणि बदल्यात कोंबडीची पिसे घेत. ही पायपीट पुरुषांची होती. पण बाजार उघडण्याच्या कथेत एक बाई आहे. 1982 मध्ये फंग आयछ्येन नावाच्या फेरीवालीने तालुक्याचे पक्षसचिव श्ये गाओह्वा यांना गाठले आणि आम्हाला रस्त्यावर माल विकू का देत नाही, असा सरळ जाब विचारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजाराला अधिकृत परवानगी मिळाली. आज तेथे गाळ्यावर बसलेली, भाव सांगणारी, पाच-सहा परकी वाक्ये सफाईने बोलणारी मालकीण हे नेहमीचे दृश्य आहे.

डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि अरब व्यापारी यीवूकडे वळले. त्यांच्याशी बोलणार कोण? हे काम वायव्येकडील निंग्शिया आणि गान्सू या भागांतल्या हुई मुस्लिम तरुण-तरुणींनी उचलले. तेथे 1980 नंतर चिनी आणि अरबी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. त्यांत मुलींच्या वेगळ्या शाळाही होत्या. हुई समाजात स्त्रियांच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. हेनान प्रांतातील खायफंग शहरात स्त्रियांची स्वतंत्र मशीद 1820 सालापासून आहे. कोरडवाहू, गरीब मुलखातल्या मुली या शाळांतून दीनी शिक्षणाबरोबर अरबी शिकल्या. हीच अरबी पुढे हजारो मैलांवरच्या पेठेत त्यांच्या पोटापाण्याचे साधन झाली. पुष्कळांनी आधी रोजावर दुभाषाचे काम केले, मग मालाची निवड, तपासणी आणि कंटेनर भरण्याची व्यवस्था शिकून स्वतःची छोटी कंपनी काढली. पुढे सरकारी धोरण कडक झाले आणि अशा शाळांवर गदा आली. गान्सूमधील पिंगल्यांग येथील अरबी शाळा 2018 च्या अखेरीस बंद झाली. दार उघडणे आणि मिटणे शिकणाऱ्याच्या हाती नसते, हे येथेही दिसते.

बिश्केकचा बाजार

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे 1992 मध्ये दोर्दोय हा बाजार सुरू झाला. एकावर एक रचलेले लोखंडी कंटेनर हीच तेथली दुकाने. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले, शिक्षिका आणि परिचारिकांचे पगार कवडीमोल झाले. तेव्हा असंख्य स्त्रिया पिशव्या घेऊन चीनमधून माल आणू लागल्या आणि दोर्दोयमध्ये विकू लागल्या. त्यांना कामापुरती चिनी शिकणे भागच होते. मदतीला दुंगान लोक होते. 1877 च्या सुमारास चीनमधून पळून आलेल्या हुई मुसलमानांचे हे वंशज घरात आजही चिनीची एक बोली बोलतात, पण ती रशियन लिपीत लिहितात. शंभर वर्षे घरच्या चुलीपाशी जपलेली भाषा अचानक बाजारात नाण्यासारखी खणखणू लागली.

आता ही सारी उदाहरणे शेजारी ठेवा. कँटनमध्ये शिकणारे सारे पुरुष, चिनी परराष्ट्र खात्यात स्त्रिया पुढे, यीवूत दोघेही, दोर्दोयमध्ये पुन्हा स्त्रिया. हा फरक उपजत गुणाने पडता तर सगळीकडे एकच प्रमाण दिसले असते. प्रमाण दोन गोष्टींनी ठरते – वर्गाच्या दारात कोणाला येऊ दिले जाते, आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडल्यावर कोणाला काम मिळते.

भाषा आहे तरी कशी?

गंमत अशी की स्त्री-पुरुष भेद या भाषेच्या व्याकरणात जवळजवळ नाहीच. मराठीत "मी जातो" आणि "मी जाते" असे वेगळे बोलावे लागते. चिनीत क्रियापद बदलत नाही. तो, ती, ते या तिघांनाही बोलताना एकच शब्द – "ता". लिहिताना 'ती'साठी जे वेगळे अक्षर वापरतात ते विसाव्या शतकाच्या आरंभी ल्यू पान्नुंग या लेखकाच्या सूचनेने रुजले. म्हणून चिनी पेढीच्या पत्रावरून पलीकडे गृहस्थ आहे की बाई, हे अनेकदा कळत नाही. पत्राची सुरुवात "डिअर सर" अशी करणारे आपले कितीतरी व्यापारी वर्षानुवर्षे बाईशीच पत्रव्यवहार करीत असतील!

अवघड भाग सुरांचा आहे. "माय" हा उच्चार स्वर खाली नेऊन पुन्हा वर उचलत केला तर अर्थ 'विकत घेणे', आणि झटक्याने खाली टाकला तर 'विकणे'. दहाला "श्र", चाराला "स" – दक्षिणेकडील लोकांच्या तोंडी हे दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. भाव ठरवताना कॅल्क्युलेटर समोर का ठेवतात ते यावरून समजेल.

अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवण्यासाठी सुमारे 2200 तास धरते. पण व्यापाराला इतक्या दूर जावे लागत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'एच.एस.के.' ही चिनी सरकारची परीक्षा असते. 2010 च्या सुमारास ती सहा पातळ्यांची झाली. त्या रचनेत तिसऱ्या पातळीला 600 आणि चौथीला 1200 शब्द होते. 2021 मध्ये नऊ पातळ्यांचे नवे मानक जाहीर झाले असून त्यात शब्दसंख्या वाढली आहे. रोज दीड-दोन तास नेटाने दिले तर दोन वर्षांत पत्र वाचण्याइतकी आणि गाळ्यावर बोलण्याइतकी भाषा येऊ शकते.

आपल्यासाठी बोध

दलालाची दलाली साधारणपणे मालाच्या किमतीच्या शेकडा तीन ते पाच असते. दुकानदाराकडून तो वेगळे काही घेतो का, हे भाषा येत नसलेल्या गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नाही. वीस लाखांच्या मालावर शेकडा पाच म्हणजे एक लाख रुपये. एवढ्या पैशांत घरातील एका मुलाचे किंवा मुलीचे भाषेचे शिक्षण निघू शकते. करार इंग्रजी आणि चिनी असा दोन्हींत असेल आणि वाद झाल्यास कोणती प्रत खरी मानायची हे त्यात लिहिले नसेल, तर धोका आपल्याला आहे. चिनी न्यायालयात परकी कागदपत्रे चिनी भाषांतरासह द्यावी लागतात. मोबाईलवरची भाषांतराची सोय भाव विचारायला पुरते, पण करारातील एका शब्दाची जबाबदारी ती घेत नाही.

आपल्या व्यापारी घरांत रीत ठरलेली आहे. मुलगा दहावी-बारावीनंतर गल्ल्यावर बसतो, मुलगी शिकत राहते. बी.ए., एम.ए. होते, एखादी भाषाही शिकते, आणि ते ज्ञान प्रमाणपत्रासह कपाटात जाते. मुलाला माल कळतो, भाव कळतो, पण भाषेचा वर्ग त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. दोन्ही बाजूंनी नुकसान एकाच घराचे होते.

यावर उपाय महागडा नाही. भाषा शिकणाऱ्या मुलीला दुकानाची खरेदीवही दाखवा, मालाची नावे, वजने, मापे, जहाजाचे कागद समजू द्या. चिनी पेढीशी होणारा पत्रव्यवहार तिच्याकडे सोपवा. हे काम घरबसल्याही होते आणि त्याचा मेहनताना तिला रीतसर द्या. गल्ल्यावरच्या मुलाला सकाळच्या वर्गाला बसवा, निदान आकडे, मापे आणि नेहमीची शंभर वाक्ये त्याला आली पाहिजेत. 2020 मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. येणे-जाणे वाढेल तसे दुभाष्यांचे काम वाढेल.

निंग्शियाच्या कोरड्या टेकड्यांतल्या मुलींजवळ भांडवल नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या. होती ती फक्त एक जास्तीची भाषा आणि ती बाजारात नेण्याची घरच्यांची परवानगी. आपल्या घरांत भाषा शिकलेल्या मुली आहेत आणि बाजारही आहे. या दोहोंमधले दार उघडणे तेवढे बाकी आहे, आणि त्याची किल्ली सरकारजवळ नसून आपल्याच गल्ल्यात पडलेली आहे.