उन्हाळ्यात केस वाढवावेत की कापावेत?

कोपरगाव : मार्च सरत आला, की केस वाढविणाऱ्या तरुणांना घरात आणि सलूनमध्ये एकच सल्ला ऐकावा लागतो, ‘उन्हाळा आलाय, आता झिपऱ्या काढून टाक.’ महेंद्रसिंग धोनीने २००५-०६ मध्ये मानेवर रुळणारे केस राखले, तेव्हा गावोगावच्या मुलांनी त्याचे अनुकरण केले होते. २०२४ च्या आयपीएलमध्ये, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यांत, तो पुन्हा लांब केसांनिशी मैदानावर उतरला. उकाडा आणि लांब केस एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न मात्र कायम आहे.

दोन उन्हाळ्यांचे गणित

डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. कर्करुग्णांच्या टोपासाठी केस दान करायचे असतील, तर साधारण १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर लांबी मागितली जाते. ती गाठण्यास दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजेच किमान दोन उन्हाळे काढावे लागतात. त्यातही सर्वांत कठीण असतात ते मधले काही महिने. केस कानावर आणि मानेवर येतात, पण बांधण्याइतके लांब नसतात. हा काळ वैशाखात आला, की अनेकांचा निश्चय ढळतो.

केस ऊन अडवतात

केसांमुळे डोके तापते, हा समज अर्धाच खरा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. शरीराइतक्या उष्ण ठेवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर मानवी केसांचे टोप चढवून त्यावर प्रखर दिव्यांचा प्रकाश सोडण्यात आला. कोणत्याही केसांमुळे टाळूपर्यंत पोहोचणारी उष्णता घटते, असे त्यात आढळले. दाट कुरळ्या केसांनी सर्वाधिक संरक्षण दिले, कारण त्यांच्यात हवा खेळती राहते आणि तापणारा पृष्ठभाग टाळूपासून दूर असतो. सरळ केसांचा लाभ तुलनेने कमी होता.

याची दुसरी बाजूही आहे. केसांमुळे घामाचे बाष्पीभवन मंदावते. उन्हात हा तोटा भरून निघतो, परंतु सावलीत किंवा रात्री बंद खोलीत अडविण्यासारखे ऊनच नसते. तेथे केस केवळ हवा रोखतात आणि मान भिजते. त्यामुळे लांब केसांचा खरा त्रास दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या उकाड्यात अधिक जाणवतो. पर्जन्यछायेतील कोपरगावची कोरडी हवा घाम लवकर सुकविते. मुंबईच्या दमट हवेत तोही दिलासा नाही.

प्रश्न पाण्याचा

घाम, धूळ आणि तेल यांचा थर टाळूवर साचला, की खाज, कोंडा आणि केसतोड सुरू होते. कोंड्याशी संबंधित बुरशी टाळूच्या स्निग्धांशावर वाढते. त्यामुळे ‘थंडावा मिळावा’ म्हणून रोज तेल थापणे उलटे पडू शकते. उपाय एकच, नियमित न्हाणे. आणि येथेच कोपरगावची अडचण उभी राहते. शहराचा पाणीपुरवठा गोदावरी कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांवर अवलंबून राहिला आहे आणि अनेक उन्हाळ्यांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी आले आहे. टंचाईत घरातील पाणी प्रथम पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखले जाते. अशा वेळी लांब केस धुण्यासाठी जादा बादली मागणे कुटुंबात वादाचे कारण ठरू शकते.

नांदेडचा धडा

हीच गोदावरी पुढे नांदेडला जाते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे तेथे महानिर्वाण झाले. केस न कापणारे शीख पुरुष तेथील कडक उन्हाळा पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत. त्यांची रीत साधी आहे. कंगव्याने दिवसातून दोनदा केस विंचरायचे, डोक्याच्या वर जुडा बांधायचा आणि त्यावर सुती पगडी. मान मोकळी राहते, गुंता होत नाही.

त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. मान मोकळी राहील असा सैल अंबाडा बांधावा. रोज घट्ट ताणून बांधल्यास कपाळाजवळचे केस विरळ होतात. ओले केस बांधून ठेवू नयेत. पाणी कमी असेल तेव्हा शाम्पू फक्त टाळूला लावावा, तो वाहून जाताना उरलेले केस स्वच्छ करतो. केस बांधता येईपर्यंत रुंद कापडी पट्टा वापरावा आणि मानेवरचे तेवढे केस कमी करून घ्यावेत. लांबीचे फारसे नुकसान होत नाही. भर दुपारी बाहेर पडताना टोपी किंवा उपरणे हवेच, कारण केस हे उष्माघातापासूनचे कवच नव्हे.

डोक्यात फोड आले किंवा चट्टे पडून केस गळू लागले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तसे काही नसेल, तर केवळ उन्हाच्या भीतीने कात्री लावण्याचे कारण नाही. केस वाढविण्याचा निर्णय घेणाऱ्याने आधी आरशापेक्षा घरातील पाण्याच्या टाकीकडे पाहावे, एवढेच.