उपवर मुलीचा चष्मा आणि लेसर

लग्नाच्या वाटाघाटी सुरू झाल्या की उपवर मुलीचा चष्मा वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागतो, आणि ‘लेसर करून टाका’ असा सल्ला चोहोंकडून येतो. ही शस्त्रक्रिया निर्धोक आहे काय? आमचे उत्तर असे की, प्रश्न यंत्राचा थोडा व डोळ्याच्या पारखीचा अधिक आहे.

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. एक्सायमर लेसरचे अदृश्य किरण तो अत्यंत सूक्ष्म थरांनी झिजवितात. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने १९९५ साली चष्म्याच्या नंबरासाठी या लेसरास मान्यता दिली.

लांबचे न दिसणाऱ्या, म्हणजे ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यात मधला भाग सपाट करितात. मध्यम नंबरास याचे फळ चांगले मिळते. दीर्घदृष्टीत कडेचा भाग झिजवावा लागतो. तेथे नंबर काही अंशी परतण्याचा संभव अधिक. नंबर फार मोठा किंवा पडदा पातळ असेल, तर पडदा दुबळा होऊन पुढे फुगण्याचे भय असते. पारपटल शंकूसारखे होऊ लागले असल्यास लेसर वर्ज्यच समजावे. चाळिशीचा दोष तर आतील भिंग ताठर झाल्याने येतो; पारपटल झिजवून तो मुळातून जात नाही.

लॅसिक पद्धतीत पडद्याचा पापुद्रा उचलताना सूक्ष्म मज्जातंतू तुटतात. म्हणून काही महिने डोळे कोरडे पडतात. रात्री दिव्यांभोवती वलयेही दिसतात. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, परंतु झाल्यास गंभीर ठरतो. शिवाय चष्मा गेला तरी ऱ्हस्वदृष्टीचा लांबट डोळा लांबटच राहतो. दृष्टिपटल फाटण्याचा धोका टळत नाही. सबब पुढेही नेत्रतपासणी सोडू नये.

मुलीस अठरा वर्षे पूर्ण व्हावीत आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. गर्भारपणी व मूल अंगावर पीत असता ही शस्त्रक्रिया टाळावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास वैद्य सांगतील तितके दिवस त्या काढून ठेवून मगच पारपटलाची जाडी व आकार मोजून घ्यावा.

नेत्रवैद्यांनी ‘नको’ म्हटले, तर लग्नाची तिथी जवळ आली म्हणून दुसरा वैद्य शोधीत फिरू नये. डोळे मुलीचे आहेत. निर्णयही तिचाच असावा. ज्या स्थळास तिचा चष्मा खपत नाही, त्या स्थळाचाच फेरविचार करणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.