गजसेवेची पूर्वतयारी

पालकाप्य मुनींनी अंगदेशाचा राजा रोमपाद यास सांगितलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली प्रसिद्ध केला. महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशी चार स्थाने असलेला हा ग्रंथ आपल्यापैकी काहींच्या संग्रही असेल. हत्तीची नाडी मात्र आपण कधी पाहिलेली नसते. त्यामुळे थायलंडमध्ये, चिआंग माईच्या उत्तरेस असलेल्या ‘एलिफंट नेचर पार्क’ येथे आठवडाभर श्रमदानास जाण्याचे ठरले, तेव्हा मी प्रथम जात्यादि तेलाच्या बाटल्या बॅगेत भरल्या.

थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली आणि लाकूड ओढणारे हत्ती बेकार झाले. पुढे अनेकांच्या पाठीवर पर्यटक बसू लागले. अशा जखमी, अंध, वृद्ध हत्तींना लेक चैलर्ट यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत आश्रय मिळतो. प्रौढ हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो खाद्य खातो. ते उतरविणे, फळे कापणे व लीद उचलणे हे स्वयंसेवकाचे काम. चिकित्सा पशुवैद्यांकडे असते. आपली पदवी मनुष्यचिकित्सेची आहे, हे ध्यानी घेऊन बाटल्या मी परत कपाटात ठेवल्या.

खरी तयारी निराळीच होती. क्षयाचे जंतू माणसाकडून हत्तीकडे व हत्तीकडून माणसाकडे संक्रमित होऊ शकतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास तपासणी करा, असे रुग्णांना नित्य बजावणारी मी, स्वतःच्या खोकल्यावर मात्र महिनाभर सितोपलादि चूर्ण चाटत राहिले होते. हे लक्षात आल्यावर अत्यंत लाज वाटली. छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणी करून घेतली. अहवाल येईपर्यंत तिकीट काढले नाही. अहवाल निर्दोष आला. तथापि ते दोन दिवस मला पुष्कळ शिकवून गेले.

इतर तयारी थोडक्यात सांगते. धनुर्वाताची लस घ्यावी. तेथे कुत्र्यांचाही मोठा सांभाळ होतो, म्हणून अलर्कविषाची प्रतिबंधक लस पहिल्या व आठव्या दिवशी घ्यावी. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्या भागात जाळपोळीचा धूर दाटतो; श्वासाच्या रुग्णांनी तो काळ टाळावा. व्हिसाविषयी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. रसकल्प सोबत नेऊ नयेत. स्वतःपुरती औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह असावीत. औषधी दुकानदार बंधूंनी परदेशी निघालेल्या ग्राहकास सुट्या पुड्या न देता घटकद्रव्ये छापलेले सीलबंद वेष्टन व पावती द्यावी. आपले रुग्ण सहव्यवसायी वैद्यांकडे सोपवूनच निघावे.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल होय. ज्या मुक्या जीवाची सेवा करावयास आपण निघालो, त्याच्या व्याधीचे निदान आपणच ठरू नये, एवढी दक्षता वैद्याने तरी घ्यावयास हवी.