भाडे एकाच्या हाती, खर्च दुसऱ्याच्या

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेले जेट एअरवेजचे विमान मध्यरात्र उलटल्यावर मुंबईस उतरले, आणि ५ मे १९९३ रोजी सुरू झालेला त्या कंपनीचा संचार तेथेच थांबला. कंपनी बुडाली की कारभाऱ्यांच्या उधळपट्टीकडे बोट दाखवावे अशी आपली रीत आहे. २००७ साली सहारा एअरलाइन्स विकत घेण्याचा सौदा जेटला महाग पडला हे खरेही आहे. परंतु विमानकंपनीचे जमाखर्चाचे दप्तर उघडून यांतील कोणती रकम खुद्द कंपनीच्या हुकमतीतली आहे असा प्रश्न ज्याने एकदा विचारला, त्याला केवळ व्यक्तिदोषावर समाधान मानता येणार नाही.

इंधनाचेच पाहा. कच्च्या तेलाचा भाव, जो जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला होता, जगाच्या बाजारात ठरतो. त्यावर, विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने, प्रत्येक राज्य आपला कर स्वतंत्रपणे वसूल करते, आणि मुंबई-पुण्यात त्याचा दर २०२३ पर्यंत शेकडा २५ होता, मग तो १८ वर आला. विमानांचे भाडेपट्टे डॉलरांत फेडायचे आणि तिकिटाचे पैसे मात्र रुपयांत घ्यायचे, म्हणजे रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता तोटा वाढतो.

मग तिकीट महाग करावे, तर तीही मुभा नाही. संध्याकाळी उरलेली मेथी भाजीवाली पडत्या भावाने देते, कारण उद्या ती कोणी घेणार नाही. विमानातील रिकाम्या आसनाला तर संध्याकाळचीही सवड नसते, दार मिटताक्षणी त्याचे मोल शून्य होते. म्हणून ज्याचा खर्च सर्वांत कमी तोच बाजाराचा भाव ठरवतो. ऑगस्ट २००६ मध्ये आलेल्या इंडिगोने प्रारंभी एकाच जातीची एअरबस विमाने वापरून देखभाल आणि वैमानिकांचे शिक्षण यांचा खर्च आटोक्यात ठेवला. जेवण व प्रशस्त आसने देणाऱ्या जेटला त्याच भाड्याशी बरोबरी करावी लागली. मला हाच स्पर्धेचा सर्वांत कठोर भाग वाटतो.

परराष्ट्रांचे वितुष्टही या धंद्याच्या दारी येते: फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद राहिल्याने दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

विमानतळावरील जागाही कंपनीच्या हुकमतीत नसते: मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उड्डाणाची प्रत्येक वेळ दुर्मिळ ठरते. जेट थांबताच तिच्या वेळा इतरांना वाटल्या गेल्या, तिची काही बोइंग विमाने स्पाइसजेटने भाड्याने घेतली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या मालमत्तेच्या विक्रीचा हुकूम दिला, तेव्हा तिच्या नोकरांचे थकलेले पगार अजून दाव्यांच्या यादीतच होते.