नाव एक, पुरावे दोन

तळ्यातले पाणी पांढऱ्या बशीत घेऊन निरखले, तर कधी कधी मोहरीहूनही लहान लाल ठिपके भराभर पोहताना दिसतात. हे गोड्या पाण्यातील माइट, कोळ्यांचे नातलग. जगात त्यांच्या ६,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्या ओळखायच्या कशा?

पहिला मार्ग शरीररचनेचा. सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाजवळील पाल्प नावाच्या सांधेदार अवयवाचे खंड, पायांच्या बुडाशी असलेल्या पट्टिका आणि जननछिद्राजवळील वाटोळ्या चकत्या पाहतात. परंतु यात एक अडचण आहे. प्रौढ माइटला पायांच्या चार जोड्या असतात, तर डिंभाला तीनच. शिवाय डिंभ बहुधा डास, चतुर अशा कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून राहतो. साहजिकच एकाच जातीची ही दोन रूपे जुळवणे कठीण जाते.

येथे डीएनए मदतीस येतो. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुकणिकेतील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांचा ‘बारकोड’ म्हणून वापरावा असे सुचवले. वाढीत रूप बदलले तरी हा क्रम तोच राहतो. डिंभाचा क्रम प्रौढाशी जुळला, की नाते उलगडते.

मग सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवावा काय? मुळीच नाही. बारकोड ही नुसती अक्षरांची माळ. ती कोणत्या जातीची, हे सांगायला शरीररचनेवरून नाव ठरवलेला नमुना लागतोच. म्हणून विकराच्या साहाय्याने आतल्या मऊ ऊती विरघळवून डीएनए मिळवतात आणि उरलेले कवच काचपट्टीवर जपून ठेवतात. उद्या नावाविषयी शंका आली, तर दोन्ही पुरावे पुन्हा तपासता येतात.