वेल, माकड आणि फायबरचा पत्रा

धारवाडच्या आमच्या घरामागच्या पडवीवर फायबरचा हिरवट पत्रा आहे. तो बसवला तेव्हा मी आठवीत होते. नंतर त्यावर मधुमालतीची वेल चढली आणि आता पत्र्याला मधोमध झोळ आलाय. पावसात तिथं पाणी साचतं, आणि बरोबर त्याच्याखाली आजीची खुर्ची. पत्रा विकणारा म्हणाला होता, "पंचवीस वर्षं बघायला नको." पत्रा तुटलेला नाही, चिरलेलाही नाही. मग झोळ आला कुठून?

इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाला विचारलं तर तो एकच शब्द बोलला: क्रीप. म्हणजे रांगणं, एवढं इंग्रजी मलाही येतं. पण पत्रा कसा रांगेल?

आमच्याकडे माकडं पुष्कळ. माकड पत्र्यावर बसलं की पत्रा दबतो, उडी मारून गेलं की परत वर येतो. वेल मात्र उठून जात नाही. ओझं तेवढंच राहतं आणि वाकणं मात्र हळूहळू वाढत जातं. यालाच क्रीप म्हणतात.

फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच जवळजवळ रांगत नाही. रांगतं ते रेझिन. त्याचे लांबलचक रेणू सततच्या ताणाखाली जरा जरा सरकत राहतात. ऊन आणि ओल त्यांना आणखी सैल करतात. तंतू ओझ्याच्या दिशेनं असतील तर भार तेच उचलतात आणि क्रीप कमी होतो. हुबळीहून गदगला जाताना डोंगरावर पवनचक्क्या दिसतात ना, त्यांच्या पात्यांत मुख्य तंतू म्हणूनच लांबीच्या दिशेनं घालतात. आमच्या पत्र्यात ते गवतासारखे कसेही पसरलेले. त्यामुळे रेझिनवर जास्त भिस्त.

आता माझा खरा प्रश्न. पंचवीस वर्षं कुणी थांबून पाहिलं नसेल, तर हे आकडे येतात कुठून?

फायबरच्या पाइपांसाठी अमेरिकेतलं एएसटीएम डी २९९२ हे मानक आहे. त्यात निदान १८ नमुने वेगवेगळ्या दाबाखाली ठेवून ते कधी फुटतात ते पाहतात. निदान एक नमुना १०,००० तासांपलीकडे, म्हणजे जवळजवळ चौदा महिने, टिकावा लागतो. त्यावरून ५० वर्षांचा अंदाज काढतात. ऐकून मला हा जुगारच वाटला.

पण झोळाचं गणित पाहिल्यावर थोडा धीर आला. क्रीप घड्याळाच्या चालीनं वाढत नाही, वेळ दहापट झाली की तो ठरावीक पटीनं वाढतो. समजा तो पट १.६ आहे. मग शंभर तासांत जेवढा क्रीप, त्याच्या १.६ पट हजार तासांत. १०,००० तासांपासून ५० वर्षांपर्यंत वेळ ४४ पट होते, क्रीप मात्र साधारण दुप्पट. ब्राऊन विद्यापीठातल्या विल्यम फिंडली यांनी पीव्हीसी आणि पॉलिथीनवर तब्बल २६ वर्षं अशी मापं घेतली. सुरुवातीच्या मापांवरून मांडलेलं सूत्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी जुळलं. (त्या प्लास्टिकात तंतू नव्हते, हेही सांगायला हवं.)

दुसरी युक्ती उष्णतेची. गरम रेझिन लवकर रांगतं, म्हणून चढत्या तापमानांवर थोडे थोडे तास चाचणी करतात आणि ते आलेख शेजारी सरकवून एक लांब आलेख जुळवतात. फार तापवलं तर रेझिनचा स्वभावच बदलतो, मग अंदाज फसतो.

झोळापेक्षा वाईट म्हणजे अचानक तुटणं. काचतंतू सततच्या ताणाखाली बऱ्याच काळानं, एरवीपेक्षा कमी भारावरही तुटू शकतात. म्हणून काँक्रीटच्या दुरुस्तीत फायबर वापरताना अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत कायमच्या ताणाची मर्यादा ताकदीच्या फक्त २० टक्के ठेवलीय. कार्बनतंतूंना ५५ टक्के चालतात.

हे ऐकून पप्पांनी वेल काढायचं ठरवलं. आजी म्हणाली, आधी मला काढा. शेवटी मावसभावानं तोडगा सांगितला: मधे एक लोखंडी पाइप आडवा टाका. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की त्याच ओझ्याला वाकणं सोळाव्या हिश्शाच्या आसपास येतं. आधी पडलेला झोळ मात्र पुरता जाणार नाही. पाइपवाला पुढच्या सोमवारी येतोय. तोवर आजीची खुर्ची आम्ही भिंतीकडे सरकवलीय, आणि तिथं उजेड नाही म्हणून ती रोज आमच्या नावानं बोटं मोडतेय.